जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समधून तेल गळू लागले तर

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या गाडीखाली सकाळी तेलाचा लालसर डाग दिसला की नवखा गाडीमालक बहुधा दोनपैकी एक चूक करतो. एक तर ‘जुनी गाडी म्हटली की थोडेफार गळणारच’ असे म्हणून तो डागाकडे काणाडोळा करतो, नाहीतर घाबरून गाडी गॅरेजमध्ये नेतो आणि समोर दिसेल ते सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलून घेतो. पहिली चूक महागात पडते हे सांगायला नको; पण दुसरीही तितकीच महाग पडू शकते, कारण तेल जिथे दिसते आणि जिथून निघते त्या जागा पुष्कळदा वेगळ्या असतात. म्हणून या लेखात दुरुस्तीइतकीच जागा शोधालाही दिली आहे. विवेचन मुख्यतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे आहे. मॅन्युअलबद्दलच्या वेगळ्या गोष्टी शेवटाकडे येतील.

इंजिन ऑइल थोडे जळून कमी होऊ शकते, तसे ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, तेलाचे होत नाही. पातळी उतरली असेल तर ते तेल कुठूनतरी बाहेर गेले आहे, असेच समजावे. शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल नुसते वंगण नसते. ते उष्णता वाहून नेते, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तेलाने भरलेला भाग) इंजिनाची ताकद पुढे पोहोचवते आणि आतल्या क्लच प्लेटा ज्या दाबाने एकमेकींवर घट्ट बसतात तो दाबही याच तेलाचा असतो. तेल कमी झाले की पंप त्याबरोबर हवा ओढू लागतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात, घसरून तापतात आणि तापून जळतात. थोड्या तेलाच्या कमतरतेने अख्खा गिअरबॉक्स जातो तो या साखळीमुळे.

डाग कसला, ते आधी ओळखावे

गाडी सपाट जागी उभी करून तिच्याखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा, पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांची जागा खुणेने दाखवावी आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी थेंब कुठे पडले, किती पडले आणि कोणत्या रंगाचे आहेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका पुठ्ठ्यावर मिळतात. ऑटोमॅटिकचे तेल बहुधा लाल रंगवलेले असते आणि जुने होत जाते तसे तपकिरी पडते. अलीकडच्या काही तेलांचा रंग मात्र हिरवट किंवा निळाही असतो. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे दिसते. कूलंट पाण्यासारखे पातळ, हिरवे, नारिंगी किंवा गुलाबी असते आणि त्याला गोडसर वास येतो, म्हणून गुलाबी कूलंट आणि लाल तेल यांत गल्लत होत असेल तर बोटांत चोळून पाहावे: तेल बुळबुळीत राहते, कूलंट चिकटसर लागते. ब्रेकचे तेल फिकट पिवळसर असून चाकांजवळ किंवा पेडलच्या बाजूला आढळते. एअर कंडिशनरखाली पडणारे स्वच्छ पाणी हा दोषच नव्हे.

फसवणारा खरा भाऊबंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगचे तेल. अनेक जुन्या गाड्यांत तिथेही हेच लाल तेल घातलेले असते, त्यामुळे रंगावरून काहीच ठरत नाही. गाडीच्या पुढच्या भागात लाल थेंब पडत असतील तर गिअरबॉक्सला दोष देण्यापूर्वी स्टिअरिंगच्या तेलाची टाकी उघडून तिची पातळी पाहावी.

पाझर, थेंब आणि धार

किती गळते यावरून घाई किती करायची ते ठरते. गॅस्केटच्या (दोन भागांच्या सांध्यात बसवलेल्या पातळ पट्टीच्या) कडेला ओल आहे, त्यावर धूळ चिकटून काळी साय धरली आहे, पण खाली थेंब पडत नाही, याला पाझर म्हणावे. पाझरावर नजर ठेवून आणि दर काही दिवसांनी पातळी तपासून गाडी वापरता येते. थेंब पडू लागले की हिशेब बदलतो. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ७० मिलिलिटर, आणि महिन्याला दोन लिटरांहून अधिक. डोळ्यांना क्षुल्लक वाटणारा थेंब एवढा असतो.

धार लागली तर गाडी जागेवर थांबवून इंजिन बंद करावे, कारण इंजिन चालू आहे तोवर पंप तेल बाहेर फेकतच राहतो. गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या कूलरची नळी फुटली तर काही मिनिटांत बहुतेक तेल रस्त्यावर येते. अशी गाडी ‘हळूहळू घरापर्यंत’ नेण्याचा मोह टाळावा. ती ओढून नेतानाही काळजी हवी. ऑटोमॅटिकमध्ये वंगण पोहोचवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो, म्हणून इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला जोडलेली चाके जमिनीवर फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात. ती चाके उचलून किंवा गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी. गळणारे तेल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडत असेल, जळका वास किंवा धूर येत असेल, तर आगीचा धोका असतो; तिथे पाझर-थेंबाचा हिशेब न करता गाडी उभी करावी.

पातळी नीट तपासणे

वाटते तितके हे सोपे नाही, आणि चुकीची पातळी वाचून जास्त तेल ओतणारे कमी नाहीत. प्रथम गाडी १५-२० मिनिटे चालवून तेल गरम होऊ द्यावे, कारण गरम तेल फुगते आणि पातळी मोजायच्या दांडीवरच्या (डिपस्टिकवरच्या) ‘हॉट’ खुणा त्या स्थितीसाठीच असतात. नंतर सपाट जागी हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, गिअरचा दांडा प्रत्येक स्थितीत दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा, म्हणजे सगळ्या वाटा तेलाने भरतात. मग पार्कमध्ये आणून इंजिन चालूच ठेवावे, दांडी काढून धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून वाचावी. दोन्ही बाजूंच्या खुणा वेगवेगळ्या दिसल्या तर खालची खरी मानावी.

पण हा नियम सर्वांना लागू नाही. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पातळी पाहायची असते, काही जुन्या क्रायस्लर गाड्यांत दांडा न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो, आणि काही गाड्यांना दांडीच नसते. तिथे गिअरबॉक्सच्या अंगावरचा बोल्ट ठरावीक तापमानाला उघडून पातळी ठरवतात. त्या गाडीचे माहितीपुस्तक पाहिल्याशिवाय हात घालू नये. अनेक गाड्यांत दांडीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेतले अंतर जेमतेम अर्धा लिटर असते, म्हणून लांब नळीच्या नरसाळ्याने एका वेळी पाव लिटरच ओतावे आणि पुन्हा मोजावे. जास्त झालेले तेल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेसाळते, फेसाने दाब पडतो आणि तेल ब्रीदरच्या, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या, भोकातून बाहेर येते. म्हणजे नसलेली गळती आपणच तयार करतो.

दांडीवरचे तेल पांढऱ्या कागदावर टिपून पाहावे. लाल किंवा फिकट तपकिरी तेल ठीक. काळे पडून जळका वास येत असेल तर प्लेटा आधीच भाजल्या आहेत, आणि सील बदलून त्या बऱ्या होणार नाहीत. तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर आत कूलंट शिरले आहे. अनेक गाड्यांत तेलाचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो आणि त्याची भिंत गंजून फुटली की ही दोन द्रवे मिसळतात. जमिनीवर डाग न पडता तेल कमी होण्याचे हे एक कारण, म्हणून रेडिएटर थंड असताना त्याचे झाकण उघडून वर तेलाचा तवंग आहे का तेही बघावे. कूलंटमुळे क्लच प्लेटांवरचे अस्तर सुटते, त्यामुळे इथे एक दिवसही गाडी चालवणे परवडत नाही.

डाग न पडण्याचे दुसरे कारण फक्त जुन्या गाड्यांतच सापडते. १९६०-७०च्या दशकांतल्या अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची छोटी डबी असते, आणि तिच्यातून एक रबरी नळी इंजिनाच्या इनटेककडे, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या वाटेकडे, जाते. डबीतला पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचे तेल शोषून जाळू लागते आणि मागून पांढरट धूर निघतो. तेल जळत नाही या वर दिलेल्या नियमाला एवढा एक अपवाद. डबीजवळ ती नळी उपसून पाहावी. आतून तेल ठिबकले तर डबी बदलावी. काम अर्ध्या तासाचे असते, पण हे माहीत नसल्याने अख्खे गिअरबॉक्स उतरवले गेल्याची उदाहरणे आहेत.

उगमाचा शोध

गाडीखाली जाण्यापूर्वी सुरक्षिततेची तजवीज करावी. जमीन टणक आणि सपाट असावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, आणि जॅकने उचललेली गाडी भक्कम स्टँडवर टेकवूनच खाली शिरावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने, एक मिनिटासाठीसुद्धा, जाऊ नये. चष्मा लावावा, कारण खालून पाहताना थेंब डोळ्यांतच पडतात. गरम तेलाने हात भाजतो, तेव्हा गाडी निवू द्यावी.

आता स्वच्छतेकडे. गिअरबॉक्सवर वर्षानुवर्षे जमलेला चिखल आणि तेल यांचा थर असताना उगम शोधणे म्हणजे पावसात छप्पर कुठे गळते ते शोधण्यासारखे आहे: सगळेच ओले असते. ग्रीस काढणारे द्रावण आणि ब्रश घेऊन वरपासून खालपर्यंत सगळे घासून काढावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे; ब्रीदर आणि वायरींची जोडणी यांवर मात्र पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. कोरड्या झालेल्या भागावर टाल्कम पावडरीचा हलका थर उडवला तर पुढे तेलाची रेघ स्पष्ट उमटते. नंतर १०-१५ किलोमीटर गाडी चालवून पुन्हा टॉर्च घेऊन पाहावे. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येते आणि धावत्या गाडीखालच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून ओल्या भागातला सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू हाच उगम मानावा. एवढे करूनही उमगले नाही, तर तेलात मिसळायचा खास रंग मिळतो. तो घालून गाडी चालवली आणि अतिनील दिव्याखाली पाहिले की गळतीची वाट पिवळट-हिरवी चमकते.

या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगण्यासारखी आहे. एका जुन्या गाडीच्या चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याच्या, कडेवरून थेंब पडताना पाहून मी चेंबरचे गॅस्केट बदलले. आठवड्याने पुन्हा तिथूनच थेंब पडू लागल्यावर गॅस्केट वाईट निघाले असे समजून ते दुसऱ्यांदा बदलले. गळत होते वरून, दांडीची नळी गिअरबॉक्समध्ये जिथे शिरते तिथल्या करंगळीएवढ्या रबरी रिंगमधून. तेल केसिंगच्या मागच्या बाजूने उतरून चेंबरच्या कोपऱ्यावर जमायचे आणि तिथून ठिबकायचे. पहिल्याच दिवशी धुऊन पाहिले असते तर दोन्ही गॅस्केटे वाचली असती.

संशयाच्या जागा पाहताना सोपे ते आधी तपासावे: चेंबरचे गॅस्केट आणि ड्रेन बोल्टचा वॉशर, कूलरकडे जाणाऱ्या नळ्या आणि त्यांचे सांधे, दांडीच्या नळीची रिंग, स्पीडोमीटरच्या केबलची रिंग, गिअरच्या दांड्याचा शाफ्ट जिथे आत शिरतो तिथले सील, मग अ‍ॅक्सल किंवा मागच्या प्रोपेलर शाफ्टचे सील. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळातून तेल येत असेल तर दोन संशयित उरतात: इंजिनाचे मागचे मेन सील आणि गिअरबॉक्सच्या पंपाचे पुढचे सील. तेल तपकिरी असेल तर इंजिनाचे, लाल असेल तर गिअरबॉक्सचे. दुसऱ्या बाबतीत गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, म्हणून ते काम नवख्याने स्वतः करू नये.

ब्रीदर तपासायला बहुतेक जण विसरतात. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि ती या बारीक छिद्रातून निघून जाते. मातीने छिद्र बुजले तर तोच दाब तेलाला चांगल्या सीलांतूनही बाहेर ढकलतो. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून गळू लागले, तर सीलांची यादी करण्याआधी ब्रीदर साफ करावा.

जुन्या गाडीचा आणखी एक चकवा असा, की ती चालती असताना कोरडी राहते आणि महिनाभर उभी राहिली की गळते. उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरते, तिथली पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी तेलाच्या वर राहणारे गिअरच्या दांड्याचे सील त्यात बुडते. अशा गाडीत तेच सील पहिल्यांदा पाहावे.

दुरुस्ती

चेंबरचे गॅस्केट हे नवख्याला स्वतः करता येण्याजोगे काम आहे, पण त्यात घाई नडते. ड्रेन बोल्ट नसेल तर चेंबरच्या एका बाजूचे बोल्ट थोडे ढिले सोडून दुसऱ्या बाजूचे काढावेत, म्हणजे चेंबर तिरका होऊन तेल एका कडेने परातीत उतरते. सगळे बोल्ट एकदम काढले तर ते तेल अंगावर येते. निघालेले तेल मोजून ठेवावे. अनेक गाड्यांत चेंबर रिकामा केल्यावर ३ ते ५ लिटरच निघते आणि बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून पुस्तकातला एकूण आकडा पाहून तेवढे ओतू नये.

चेंबरच्या तळाशी बहुधा एक चुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ, बोटाला लोण्यासारखा लागणारा लेप असणे नैसर्गिक आहे. टोचणारे कण, पितळी चमक किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले तर प्रश्न गळतीच्या पलीकडे गेला आहे. मग चेंबरची कड सपाट काचेवर ठेवून पाहावी. आधीच्या कुणीतरी बोल्ट जोरात आवळल्याने पत्र्याला प्रत्येक भोकाभोवती फुगवटा आलेला असतो, आणि जुन्या गाडीत चेंबर पुन्हा पुन्हा गळण्याचे हे फार नेहमीचे कारण असते. कडेखाली लाकडी ठोकळा धरून ते फुगवटे हलक्या हातोडीने बसवावेत. जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत, धातूच्या पट्टीने केसिंगवर ओरखडे उठतात. फिल्टर याच वेळी बदलावा.

नवे गॅस्केट कोरडेच बसवावे. वरून सिलिकॉनचा जाड थर देण्याची सवय मला पटत नाही, कारण आत दाबला गेलेला सिलिकॉन तुटून तेलाच्या बारीक वाटांत अडकतो. बोल्ट आधी सगळे हाताने लावावेत आणि नंतर मधल्यापासून कडेकडे, समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. अनेक गाड्यांत त्यांना १० ते १४ न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरतो. पुस्तकातला आकडा घेऊन टॉर्क पाना वापरावा. कॉर्कचे गॅस्केट अति आवळले तर चिरडून बाहेर येते, आणि ‘आणखी थोडे घट्ट’ करण्यातूनच पुढची गळती जन्मते.

कूलरची रबरी नळी बदलताना ट्रान्समिशनच्या गरम तेलासाठी बनवलेलीच घ्यावी. पेट्रोलची किंवा पाण्याची नळी तिथे टिकत नाही. लोखंडी नळी गंजून पातळ झाली असेल तर भोक बुजवण्यात अर्थ नाही, ती पूर्ण बदलावी. शाफ्टचे सील बदलताना ज्या धातूवर ते घासते तो भाग नखाने चाचपून पाहावा. तिथे खाच पडली असेल किंवा बुश झिजून शाफ्ट हलत असेल, तर नवे सीलही टिकत नाही.

गळती थांबवणाऱ्या औषधी बाटल्यांबद्दल मत विचारले जाते. कडक पडलेल्या रबराला त्या थोडे फुगवतात, त्यामुळे साधा पाझर काही काळ थांबू शकतो; फाटलेल्या सीलावर, फुटलेल्या नळीवर किंवा वाकड्या चेंबरवर त्यांचा उपयोग नाही. गिअरबॉक्स उतरवण्याइतकी किंमत गाडीला उरलेली नसेल, तर एकदा वापरून पाहायला हरकत नाही. एरवी मी त्या वाटेला जात नाही.

तेल निवडताना रंगावर जाऊ नये. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन या ऑटोमॅटिक तेलाच्या मानकाची सुरुवात १९६७ची आणि डेक्सरॉन ६ हे २००५चे, म्हणजे जुन्या पुस्तकात लिहिलेले तेल त्याच नावाने आज दुकानात मिळेलच असे नाही. त्या मालिकेतले नवे तेल जुन्याच्या जागी बहुधा चालते. पण फोर्डच्या जुन्या गाड्यांना लागणारे टाइप एफ हे घर्षणाच्या दृष्टीने वेगळे तेल आहे, आणि सीव्हीटीचे (ठरावीक गिअर नसलेल्या, वेगाचे प्रमाण सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्सचे) तेल तर पूर्ण निराळे. बाटलीवर पुस्तकातल्या मानकाचे नाव छापलेले असेल तरच घ्यावे.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल दाट, मधासारखे आणि गंधकाच्या उग्र वासाचे असते. तिथे पातळी म्हणजे बाजूच्या भरायच्या बोल्टच्या भोकाची खालची कड. खालचा बोल्ट उघडण्यापूर्वी हा वरचा बोल्ट सुटतो याची खात्री करून घ्यावी, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स आणि न उघडणारा बोल्ट अशी पंचाईत होते. पुस्तकात जीएल-४ (गिअर तेलाचा एक दर्जा) लिहिले असेल तर ‘वरच्या दर्जाचे’ म्हणून जीएल-५ घालू नये, त्यातली काही रसायने गिअर सहज पडावा म्हणून बसवलेल्या पितळी सिंक्रो रिंगांना मारक ठरू शकतात. पुढच्या सीलातून गळालेले तेल क्लच प्लेटेवर गेले तर क्लच घसरतो, आणि ती प्लेट धुऊन सुधारत नाही.

दुरुस्तीनंतर गाडी पूर्ण तापू द्यावी, पूर्ण निवू द्यावी, असे दोन-तीनदा करून पातळी पुन्हा तपासावी आणि त्याच जागी नवा पुठ्ठा पसरावा. पहिल्या रात्री एखाददुसरा थेंब पडला तर घाबरू नये; खोबणीत राहिलेले जुने तेल उतरत असते. तिसऱ्या-चौथ्या रात्रीचा पुठ्ठा कोरडा निघाला पाहिजे. काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून जुने तेल स्वीकारणाऱ्या केंद्रावर किंवा गॅरेजमध्ये द्यावे, गटारात किंवा मातीत ओतू नये.